तळमजल्यावरचा पीपी नंबर

आमची कंपनी बंद झाली तेव्हा मी एकेचाळीस वर्षांचा होतो आणि तिथे स्टोअरकीपर म्हणून मला पंधरा वर्षं चार महिने झाले होते. नव्वद साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. गेटवर नोटीस लागण्याआधी आठ महिने रॅकवरचा माल कमी कमी होत चालला होता, त्यामुळे मला धक्का बसला असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. माल यायचा थांबला की कारखाना थांबणार, हे स्टोअरमधल्या माणसाला सगळ्यांच्या आधी कळतं. मी ते घरी सांगितलं नव्हतं, एवढंच.

नोटीस लागली त्या संध्याकाळी मी बायकोला सांगितलं आणि धाकट्या बहिणीला सांगितलं. बहीण आमच्याकडेच राहायची. वय अठ्ठावीस, भाईंदरच्या केबिन रोडवरच्या एका कापडाच्या दुकानात कामाला. तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. आईवडील नव्हते, त्यामुळे मुलीचा भाऊ काय करतो, हा प्रश्न प्रत्येक स्थळाकडून पहिला यायचा. भाऊ घरी बसलाय म्हटलं की दुसरा प्रश्न येतच नाही. म्हणून मी ठरवलं की नवीन काम मिळेपर्यंत बिल्डिंगमध्ये कुणाला काही कळू द्यायचं नाही. त्या दोघींनी मान हलवली. महिन्याभराचा प्रश्न आहे, असं मी म्हणालो. एरवी मी अंदाजाने आकडा सांगत नाही.

तेव्हापासून मी रोज पूर्वीसारखाच सात वीसला डबा घेऊन निघायचो. गोडदेवला आमची बिल्डिंग तीन मजल्यांची, तळमजला धरून सोळा घरं. जिना एकच, आणि जिन्याच्या तोंडाशी तळमजल्यावर एका गुजराती कुटुंबाचं दार. त्या घरातल्या बेन सकाळी दारात बसून तांदूळ निवडायच्या, संध्याकाळी भाजी. त्यांच्या नजरेतून सुटून कुणी वर जाऊ शकत नव्हतं आणि खालीही येऊ शकत नव्हतं.

बिल्डिंगमधला एकुलता एक फोनही त्यांच्याकडेच. त्या काळी फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागायची, त्यामुळे आम्ही सगळे त्यांचाच नंबर देत असू. नंबरापुढे ‘पीपी’ लिहायचं, म्हणजे फोन शेजाऱ्याचा आहे, हे समोरच्याला कळायचं. कुणाचा फोन आला की बेन लाटणं घेऊन जिन्याच्या लोखंडी कठड्यावर मारायच्या. एक ठोका पहिला मजला, दोन ठोके दुसरा, तीन तिसरा. मग घराचं आडनाव. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. तीन ठोके पडले की बायको हातातलं काम टाकून दारात जायची.

मी अर्जांसाठी एक वही केली होती. रकाने पाच: तारीख, कारखाना, जाहिरात कुठे पाहिली, अर्ज पोस्टाने की हाती, आणि उत्तर. जाहिराती वाचनालयात बघायच्या, अर्ज टायपिंगवाल्याकडून करून घ्यायचा, आणि जमेल तिथे स्वतः नेऊन द्यायचा. काशीमिऱ्याच्या बाजूला, मिरा रोडला, पुढे वसईपर्यंत मी गाळा न् गाळा पालथा घातला. बहुतेक ठिकाणी वॉचमन गेटवरच अर्ज घ्यायचा आणि म्हणायचा, “सेठ का फोन आएगा.” प्रत्येक अर्जात मी शेवटी एक ओळ टाकत होतो: सध्या नोकरीत नाही, ताबडतोब रुजू होऊ शकतो. त्याखाली बेनचा नंबर आणि पीपी.

ज्या दिवशी जायला कुठे नसे त्या दिवशी वेळ काढणं फार अवघड जायचं. घरी साडेसहाच्या आत परतायचं नाही, असा नियम मीच केलेला. एकदा मी भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस पकडली आणि पालीला उतरून वाळत घातलेल्या मासळीच्या बाजूला डबा खात बसलो. आमच्या बिल्डिंगमध्ये पाटी घेऊन येणारी मासेवाली तिथलीच, हे माझ्या लक्षातच नव्हतं. ती समोर येऊन उभी राहिली.

“काय वो, आज कामाव न्हाय?”

“सुट्टी आहे,” मी म्हणालो.

“डब्याला पन सुट्टी हाय का?” असं म्हणून ती हसली आणि निघून गेली.

त्यानंतर ती बायकोला प्रत्येक वाट्यात दोन बोंबील जास्त घालायला लागली. मला ते बोंबील गोड लागले नाहीत. हिने कुणाकुणाला सांगितलं असेल, याचा मी रात्रभर विचार केला. बायको म्हणाली, “तिने दिले ते खा की गप.”

महिन्याचे दोन झाले, दोनाचे पाच. पाच महिने संपले तेव्हा वहीत अठ्ठेचाळीस अर्ज होते. त्यातले सतरा मोठ्या कंपन्यांना, ज्या पत्राने उत्तर देतात. त्यांची सहा पत्रं आली होती, सगळी नकाराची. सतराला सहा, म्हणजे ठीक. उरलेले एकतीस अर्ज लहान कारखान्यांना, जे कधी पत्र लिहीत नाहीत, फोनच करतात. एकतीसपैकी फोन किती, तर एकही नाही.

हा शून्य मला पटेना. माझ्याबरोबर स्टोअरमध्ये माझा एक मदतनीस होता, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. तोही काम शोधत होता. त्याने वीस अर्ज केले होते आणि त्याला तीन फोन आले होते. त्याचा अनुभव चार वर्षांचा, माझा पंधरा. वय माझं जास्त, हे मान्य. तरी एकतीसला दोन-तीन तरी यायला हवे होते.

त्याच महिन्यात बेनकडे त्यांचा भाचा गावाहून राहायला आला होता. पोरगा पंचविशीचा, बी.कॉम. झालेला, आणि काम शोधत होता. हे मला बेननीच सांगितलं होतं. “भाई, तुमच्या कंपनीत बघा ना काही,” असंही म्हणाल्या होत्या. मी बघतो म्हणालो होतो. आता मला ते आठवलं. ज्या कंपनीत मी उरलो नव्हतो तिथे त्यांच्या भाच्यासाठी मी काय बघणार होतो. पण त्याहून दुसरा विचार मनात बसला. माझ्यासाठी येणारा प्रत्येक फोन आधी त्या घरात येतो. कारखान्याचं नाव, पत्ता, जागा कशाची, हे सगळं आधी त्या घराला कळतं.

“तुमचं आपलं काहीतरीच,” बायको म्हणाली. “तुम्ही त्यांच्या पोराच्या मुंजीला नाही गेलात तरी त्यांनी आपल्याला ताट पाठवलं होतं.”

“ताटाचा इथे काय संबंध?”

“तेच म्हणतेय मी. संबंध नसताना पाठवलं होतं.”

बहीण पोळी खात होती. ती म्हणाली, “दादा, सरळ जाऊन विचार ना.”

सरळ विचारायचं तर काय विचारायचं? नोकरी असलेला माणूस नोकरीच्या फोनबद्दल विचारतो कसा? मी आपल्याच खोटेपणात अडकलो होतो. पण तेव्हा मला ते तसं दिसत नव्हतं. मला फक्त भाचा दिसत होता.

मग मी चाचणी घ्यायचं ठरवलं. स्टोअरमध्येही आम्ही तेच करायचो. संशय आला की एक खूण केलेली पेटी रॅकवर ठेवायची आणि ती कुठे जाते ते बघायचं. मी माझ्या जुन्या मदतनिसाला सांगितलं, शुक्रवारी अकरा वाजता त्या नंबरवर फोन कर, कारखान्यातून बोलतोय असं सांग, माझी चौकशी कर, आणि घरी आहेत का विचार. त्या वेळी मी वाचनालयात असणार, बायको घरी. तीन ठोके पडायलाच हवेत.

शुक्रवारी संध्याकाळी मी जिन्याशी आलो. बेन गवार मोडत होत्या.

“आज लेट झाला भाई? ओवरटाइम?”

“हो, थोडा.”

“जास्त काम नाही करायचा. तब्येत बघायची.”

एवढंच. फोनचा उल्लेख नाही. वर जाऊन बायकोला विचारलं. ठोके पडले नव्हते. ती सकाळपासून घरातून हललीही नव्हती.

शनिवारी मी मदतनिसाला स्टेशनजवळ गाठलं.

“फोन केलास?”

“केला ना. अकरा दहाला. बाईने उचलला.”

“काय म्हणाली?”

“ती काय म्हणणार साहेब, तिने मलाच प्रश्न विचारले. तुम्ही कोण, कुठून बोलता, तुमचं गाव कुठलं, पत्ता काय, तुमच्याकडे किती माणसं आहेत. मी म्हटलं, आधी ते सध्या काय करतात ते सांगा. तर तेवढ्यात माझं नाणं संपलं.”

“पत्ता विचारला?”

“दोनदा.”

आणखी कसला पुरावा हवा होता? नाव, गाव, पत्ता, माणसं किती. ज्याला दुसऱ्याच्या जागी आपला माणूस पाठवायचा असतो तो दुसरं काय विचारेल? मी वहीत त्या दिवसाखाली लाल पेनाने लिहिलं: चाचणी, निरोप पोहोचला नाही.

पुढच्या बुधवारी बेन स्वतः पेढे घेऊन वर आल्या. भाच्याला नोकरी लागली होती. काशीमिऱ्याला, औषधाच्या बाटल्यांच्या कारखान्यात, स्टोअरमध्ये. स्टोअर हा शब्द ऐकून मी पेढा हातात धरून तसाच उभा राहिलो. बायकोने माझ्याकडे बघितलं आणि पटकन म्हणाली, “छान झालं बेन.” त्या गेल्यावर मी वही काढली. त्या कारखान्याचं नाव माझ्या अठ्ठेचाळीसमध्ये नव्हतं. तीनदा बघितलं, नव्हतं. तरी माझा संशय गेला नाही. मी म्हटलं, एखादा अर्ज माझ्याकडून लिहायचा राहिला असेल. पंधरा वर्षांत माझ्याकडून एक नोंद राहिली नव्हती, पण त्या दिवशी मी शेजाऱ्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा माझ्या वहीवर अविश्वास दाखवायला तयार झालो. तो पेढा मी खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी मुंग्या लागल्यावर बहिणीने टाकला.

रविवारी मी वही घेऊन खाली गेलो. बेनचे यजमान दुकानावर, भाचा बाहेर. बेन एकट्या होत्या. मी बाहेरच्या खोलीत बसलो, पाणी घेतलं आणि विचारलं, “बेन, माझ्यासाठी इतक्यात कुणाचा फोन आला होता का?”

“फोन?” त्यांनी पदर सारखा केला. “नाही भाई. कुणाचा नाही.”

त्यांनी माझ्याकडे न बघता ते सांगितलं. पंधरा वर्षं लोकांना ‘तो माल मी घेतला नाही’ असं म्हणताना मी पाहिलेलं आहे. ते असंच दुसरीकडे बघतात.

“शुक्रवारी अकरा दहाला एक आला होता,” मी म्हणालो. “तो मीच करायला लावला होता.”

फोनवर क्रोशाचा रुमाल घातलेला होता, तो बेननी उचलला, परत ठेवला. मग उठून जिन्यावर कुणी नाही ना ते बघितलं आणि दार लोटून घेतलं.

“तो तुमचा माणूस होता?” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “म्हणजे मुलाकडचा नव्हता?”

“कुठल्या मुलाकडचा?”

“तुमच्या सिस्टरसाठी. चौकशी. भाई, ते फोन तर येतातच. पाच आले. कोणी विचारतो, ते काय काम करतात, कोणी विचारतो माणूस कसा आहे, दारू वगैरे नाही ना. मी सगळ्यांना चांगलंच सांगितलं. आणि चौकशीचा फोन आला हे घरच्यांना थोडं सांगायचं असतं? तुमच्यात सांगतात?”

आमच्यातही सांगत नाहीत. मुलीच्या घरची चौकशी शेजाऱ्यांकडे होते, शेजारी चांगलं बोलतात आणि घरच्यांसमोर तोंड मिटून ठेवतात. न जमलेल्या स्थळाचं ओझं त्यांच्या मनावर नको म्हणून. मी स्वतः दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीबद्दल असं दोनदा केलं होतं.

“चांगलं म्हणजे काय सांगितलंत?”

“तेच, जे खरं आहे,” बेन म्हणाल्या. आता त्यांना माझा राग यायला लागला होता. “पर्मनंट नोकरी. पंधरा वर्षं एकाच कंपनीत. रोज सात वीसला डबा घेऊन जातात, एक दिवस खाडा नाही. एक जण हिंदीत विचारत होता, छोडेंगे क्या? मी बोलले, वो क्यों छोडेंगे, ऐसी नौकरी कोई छोडता है? भाऊ नोकरी सोडणार असेल तर त्या घरातली मुलगी कोण करणार? मला वाटलं म्हणून विचारतोय.”

मी वही मिटली. ते फोन मुलाकडचे नव्हते, कारखान्यांचे होते. कारखानदाराच्या बाजूने ते सगळं कसं दिसलं असेल, ते मला एका क्षणात दिसलं. अर्जात लिहिलंय, सध्या नोकरीत नाही. शेजारीण सांगते, आज सकाळीच नोकरीवर गेले. दोन कागद जुळत नाहीत. आणि जागा स्टोअरकीपरची. असा माणूस मी स्वतः ठेवला नसता. मी त्याचा अर्ज बाजूलाही ठेवला नसता, फाडला असता.

आमचे जुने स्टोअर इनचार्ज मला पहिल्या वर्षीच म्हणाले होते, कार्डावरची शिल्लक आणि रॅकवरचा माल जुळला नाही तर चोर शोधायच्या आधी स्वतःची नोंद तपास. बहुतेक वेळा तिथेच सापडतं. मी ते पुढे पाच-सहा मुलांना शिकवलं होतं.

मी बेनना सांगितलं. कंपनी केव्हा बंद झाली, डबा कुठे खातो, सगळं. माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, “पाच महिने?”

“पाच महिने अकरा दिवस.”

“आणि मी रोज विचारते, ओवरटाइम? तुम्ही रोज हो बोलता.”

“हो.”

“मला बोलला असता तर मी काय गावात ढोल वाजवणार होते?”

भाच्याचा संशय मात्र मी सांगितला नाही. त्यांना तो कळला असावा, कारण त्या माझ्या हातातल्या वहीकडे बघत होत्या.

“आता पुढे फोन आला तर काय सांगायचं?” त्यांनी विचारलं.

“जे आहे ते.”

“आणि खरंच मुलाकडचा असला तर?”

जिना चढताना मी या प्रश्नाचं उत्तर शोधत होतो. वर बहिणीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे पाचातला माझ्यासाठी एकही नव्हता. पाच महिने तू माझ्या नावावर डबे वाहिलेस, आणि मला विचारणारा कुणी नव्हताच.”

“तसं नाही.”

“तसंच आहे, दादा. त्यांना काय सांगायचं म्हणतोस? जे आहे तेच सांगू दे. ज्याला तुझी नोकरी बघून मला करायची असेल त्याला तू कर.”

बायको हसली. मीही हसलो असतो, पण वहीतल्या त्या एकतीस ओळी मला दिसत होत्या. त्यातल्या चार-पाच माझ्या होत्या आणि मीच त्या घालवल्या होत्या. कुठल्या, तेही आता कळणार नव्हतं. बेनला कारखान्यांची नावं आठवत नव्हती. त्यांनी नावं विचारली होती, पण मुलाकडच्यांची आडनावं म्हणून.

सोमवारी मी डबा न घेता नऊ वाजता खाली उतरलो. बेननी वर बघितलं नाही.

तीन आठवड्यांनी, दुपारी, तीन ठोके पडले. पण फोन धरून ठेवलेला नव्हता. बेन म्हणाल्या, “मिरा रोडहून होता. मी बोलले तुम्हाला पाठवते. उद्या दहाला.” पत्ता त्यांनी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला होता.

तो स्टीलच्या झाकणांचा आणि कड्यांचा कारखाना होता, दोन गाळे एकत्र केलेला. मालक साठीचा. माझा अर्ज त्याच्यासमोर होता.

“तुम्ही लिहिलंय, नोकरी नाही,” तो म्हणाला. “बाईनेही तेच सांगितलं. आणखी पण सांगितलं. की तुम्ही पाच महिने त्यांच्यासमोरून खोटा डबा घेऊन जात होता.”

“डबा खरा होता,” मी म्हणालो. “जाणं खोटं होतं.”

“माझ्या स्टोअरमध्ये पण असंच करणार?”

“दर शनिवारी कुठलेही दहा खण तुम्ही स्वतः मोजा. मी सांगितलेला आकडा जुळला नाही तर सोमवारी मला बोलवू नका.”

त्याने मला मागच्या गाळ्यात नेलं आणि एका कोपऱ्यातली झाकणं मोजायला लावली. दोन तास लागले. त्यांच्या कागदावर सातशे वीस होती, मला सहाशे चौऱ्याण्णव मिळाली. मी दुसऱ्यांदा मोजली आणि सहाशे चौऱ्याण्णवच सांगितली. त्याने महिनाभराच्या बोलीवर मला ठेवलं. जागा स्टोअरकीपरची नव्हती, मदतनिसाची होती. माझ्या जुन्या मदतनिसाला हे मी बरेच दिवस सांगितलं नाही.

बेननी मालकाला डब्याची गोष्ट का सांगितली, हे मला आजही ठरवता येत नाही. मी म्हणालो होतो जे आहे ते सांगा, आणि हे होतंच. पण तेवढं सगळं सांगायची गरज होती का? माझ्या भल्यासाठी सांगितलं असेल, किंवा पाच महिन्यांचा राग काढला असेल. विचारायचं धाडस मला झालं नाही. एकदा विचारून झालं होतं.

पहिल्या दिवशी मी सात वीसला डबा घेऊन उतरलो. बेन तांदूळ निवडत होत्या.

“आज खरं ना?” त्या म्हणाल्या.

मी कारखान्याचं नाव आणि फोन नंबर चिठ्ठीवर लिहून त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. त्यांनी चिठ्ठीकडे बघितलं, हात तांदळातच होता.

त्या दिवशी साडेअकराच्या सुमारास मालकाने मला गोडाऊनमधून ऑफिसात बोलावलं. रिसीव्हर नुकताच खाली ठेवलेला होता.

“तुमच्या शेजारणीचा फोन होता,” तो म्हणाला. “तुम्ही इथे आहात का विचारत होत्या. मी हो म्हटलं. बोलावू का विचारलं तर म्हणाल्या, नको, काम करू द्या.”